थांबून ठरवायचा वेग

छोट्या ट्रॅक्टरवर दोन दांडे असतात. एक गिअरचा, दुसरा रेंजचा. गिअरच्या दांड्याकडे हात पुन्हा पुन्हा जातो. रेंजचा दांडा सकाळी एकदा हलतो आणि दिवस कसा जाणार ते ठरवतो.

त्याला जागा दोनच: लो आणि हाय. काही ट्रॅक्टरांत मधे मीडियमही असते. चार गिअरांचे लोमध्ये चार वेग होतात, हायमध्ये वेगळे चार. रेंज टाकणाऱ्या माणसाने अजून कुठलाच वेग निवडलेला नसतो. कोणते वेग आज हाताशी असावेत आणि कोणते हाताबाहेर राहावेत, एवढंच त्याने ठरवलेलं असतं.

मुद्दाम हाताबाहेर ठेवलेला वेग हीसुद्धा कमाई आहे. लोमध्ये बसलेल्या माणसाचा हात चुकून रेसवर पडला, तरी ट्रॅक्टर बांधावरून उधळत नाही.

*

रेंज चालत्या चाकांवर बदलायची नसते. ट्रॅक्टर पूर्ण उभा करायचा, क्लच तळापर्यंत दाबायचा, मग दांडा हलवायचा. घाई केली की गिअरपेटीतले दात कुरकुरतात. रोज घाई केली की झडतात.

मोटारीचा वेग चालता चालता ठरतो. ट्रॅक्टरचा उभं राहून ठरवावा लागतो, म्हणून पुढची जमीन आधी बघावी लागते. खाचराच्या कडेला यंत्र थांबवून चिखलाकडे बघत बसलेल्या माणसाला कुणी रिकामा समजू नये. त्याचं सगळ्यात महत्त्वाचं काम चाललेलं असतं.

*

भाईंदर पश्चिमेहून उत्तनला जाणारा रस्ता मुर्धे, राई, मोर्वा ही गावं ओलांडत जातो. पुढे डोंगरी, उत्तन, पाली, चौक आणि मग समुद्र. मीरा-भाईंदरची १९८५ साली नगरपालिका झाली, २००२ साली महानगरपालिका. बाहेरच्या माणसाला मीरा-भाईंदर म्हणजे इमारती आणि विरार लोकलची गर्दी एवढंच ठाऊक असतं. पण या पट्ट्यात भाताची खाचरं आहेत, खाडीकडे मिठागरं आहेत, किनाऱ्यावर बोंबील सुकवायच्या वलांड्या आहेत.

खाचरं लहान, बांध अरुंद. ५० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर इथे वळतानाच बरंचसं खाचर तुडवेल. १५ ते २८ अश्वशक्तीचं छोटं यंत्र हेच इथलं माप.

खाडीकाठची माती चिकण आणि खारी. वैशाखात ती भेगाळते आणि पहारीलाही दाद देत नाही. आषाढात तीच माती पाय धरून ठेवते. खाचर तेच, ट्रॅक्टर तोच, माती फिरवणारा रोटर तोच, तरी मे महिन्यातला गिअर जुलैत चालत नाही. जमिनीचा स्वभाव विचारताना महिनाही विचारावा लागतो.

भरतीचं पाणी बांधाने अडवलं, पावसाचं पाणी बांधातल्या दारातून, उघाडीतून सोडलं, तेव्हा कुठे खारजमिनीत भात उभा राहिला. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ या खारेपणा सोसणाऱ्या जाती काढल्या, त्या अशाच मातीसाठी. जिथे बियाणंसुद्धा जमीन बघून निवडावं लागलं, तिथे सवयीने गिअर टाकणं हा त्या जमिनीचा अपमान आहे.

*

बांध ओलांडायचा तर काटकोनात, लोच्या पहिल्या गिअरमध्ये, मागचं अवजार बांधाला लागणार नाही एवढंच उचलून. तिरका ओलांडणारा एक चाक वर आणि एक खाली अशा अवस्थेत सापडतो. पावसाळ्यात बांध आतून भिजलेला असतो. कडेवर यंत्राचं वजन आलं की तो ढासळतो, आणि ढासळण्याआधी सांगत नाही.

लोमध्येही तो ढासळेलच. पण ढासळतोय हे कळणं आणि क्लच दाबणं यांच्यात एक श्वास मिळेल. वेग कमी करून माणूस मुख्यतः हेच विकत घेतो: चूक ओळखायला लागणारा वेळ.

*

इंजिन एकच. त्याची ताकद वाढत नाही. गिअरपेटी फक्त तिची वाटणी बदलते: ओढ जास्त हवी तर वेग सोडा, वेग हवा तर ओढ सोडा.

२४ अश्वशक्तीचा हिशोब करून बघण्यासारखा आहे. गिअरपेटीतले आणि चाकांतले तोटे बाजूला ठेवले, तर ताशी २ किलोमीटरने चालताना या इंजिनात कागदावर सव्वातीन टनांची ओढ आहे. ताशी २० किलोमीटरला तीच ओढ सव्वातीनशे किलोंवर येते. दहापट वेग, दशांश ओढ. यात घासाघीस चालत नाही.

आता दुसरी बाजू. यंत्राचं वजन टनाच्या आसपास. चारही चाकं ओढत असली, तरी चांगल्या घट्ट जमिनीत पकड मिळते ती वजनाच्या निम्म्याच्या आसपास, म्हणजे पाचेकशे किलो. चिखलात त्याहून पुष्कळ कमी. सव्वातीन टन देऊ शकणारं इंजिन आणि पाचशे किलो घेऊ शकणारी जमीन. उरलेली ताकद कुठे जाणार? चाक जागच्या जागी फिरतं आणि खड्डा खणतं.

लोमध्ये आधी जमीन हार मानते. हायमध्ये आधी इंजिन.

सगळी गिअरविद्या या दोन वाक्यांत आहे असं मला वाटतं, कारण दोन्ही हारींची लक्षणं वेगळी आणि उपायही वेगळे. इंजिन हरतं तेव्हा आवाज जड होतो, रेस पडते, धुराड्यातून काळा धूर येतो. तिथे रेस वाढवून काही मिळत नाही. थांबून गिअर उतरवावा लागतो. जमीन हरते तेव्हा आवाज मजेत असतो, चाक फिरत असतं आणि ट्रॅक्टर तिथेच असतो. तिथे आणखी खालचा गिअर टाकूनही काही मिळत नाही. अवजार थोडं उचला, पुढची चाकं जोडा, सरळ रेषेत असाल तर डिफरन्शिअल लॉक दाबा, नाहीतर वजन वाढवा.

चाक थोडं सरकतंच. शेतात जरासुद्धा न सरकणारं चाक म्हणजे कामापेक्षा जास्त वजन वाहत असल्याची खूण. दहा-पंधरा टक्के सरकणं चांगल्या ओढीचं लक्षण मानतात. हट्ट धरायचाच तर तो शून्याचा धरू नये.

*

माणूस अडतो तेव्हाही हेच दोन प्रकार दिसतात. कुणाची ताकद संपलेली असते, कुणाची पकड सुटलेली असते. ताकद संपलेल्याने चाल उतरवावी. पकड सुटलेल्याने थांबून पायाखाली बघावं. आपण मात्र दोघांनाही एकच सल्ला देतो: जोर लाव.

पकड सुटलेला माणूस जोर लावतो तेव्हा तो फार कष्टाळू दिसतो. म्हणून त्याला कुणी थांबवत नाही.

*

रोटरला पीटीओतून, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्यातून, मिनिटाला ५४० फेरे लागतात. ते इंजिनाच्या ठराविक रेसवरच मिळतात, त्यामुळे रेस आपल्या मर्जीची राहत नाही. अवजाराचा वेग बांधलेला. पुढे सरकण्याचा वेग तेवढा आपला, आणि तो गिअरनेच ठरतो.

रोटरची पाती मिनिटाला साधारण २०० फेरे घेतात असं धरू. ट्रॅक्टर ताशी २ किलोमीटरने चालला तर मिनिटाला ३३ मीटर सरकतो, म्हणजे एका फेऱ्यात १६-१७ सेंटिमीटर. चकतीच्या एका अंगाची तीन पाती ती माती वाटून घेतात. प्रत्येक पात्याच्या वाट्याला साडेपाच सेंटिमीटरचा घास. ताशी ४ किलोमीटरने चालवलं की घास ११ सेंटिमीटरचा होतो. रोटर तोच, रेस तीच. फक्त ढेकळं मोठी. जात्याला किती वैरण घालावी हे दळणारीला पिठाकडे बघून कळायचं. रोटर चालवणाऱ्याला ते मागे वळून मातीकडे बघून कळतं. सारखं पुढेच बघणाऱ्याला कळत नाही.

बारीक माती हवी म्हणून रेस पिळणारे पुष्कळ दिसतात. बारीक माती गिअर उतरवून मिळते.

आणि फार बारीकही नको. भाताच्या चिखलणीत मातीचा रबडा व्हावाच लागतो, तळ बसला तरच पाणी खाचरात उभं राहतं. पण भाजीच्या वाफ्यात खाऱ्या चिकण मातीचं पीठ केलं, तर पहिल्याच सरीने वर पापडी धरते आणि कोंब खालीच अडकतो. तिथे एक गिअर वरचा बरा. हळू चालणं म्हणजे आपोआप चांगलं चालणं असं समजू नये.

*

बैलजोडी नांगर ओढते ती ताशी अडीच-तीन किलोमीटरच्या चालीने. बहुतेक छोट्या ट्रॅक्टरांत लोचा दुसरा-तिसरा गिअर याच चालीच्या आसपास येतो.

बैलजोडीची ताकद ढोबळ मानाने एक अश्वशक्ती. तिच्या जागी चोवीस अश्वशक्ती आली, तरी मातीने आपली चाल बदलली नाही. फाळाने माती उचलावी, उलटावी, मोकळी करावी, पाणी आत जाऊ द्यावं, याला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच. यंत्राने माणसाची पाठ वाचवली, बैलाची मान वाचवली, एका फेरीत जास्त रुंदी घेतली. घाईची परवानगी मात्र मातीकडूनच यायला हवी होती, आणि ती आलेली नाही.

*

भाईंदरहून चर्चगेटकडे निघालं की चौथं स्थानक कांदिवली. तिथे महिंद्राचा ट्रॅक्टरचा कारखाना. महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांच्याबरोबर १९६३ साली ट्रॅक्टरची कंपनी काढली, तिचा पहिला ट्रॅक्टर बी-२७५. त्यालाही आठ गिअर पुढचे, दोन मागचे आणि लो-हायचा भेद होताच. पुढे महिंद्राच्याच छोट्या यंत्रांची पिढी आली: १५ अश्वशक्तीचा, एकाच सिलिंडरचा युवराज, मग २०१७ साली २४ अश्वशक्तीचा, चारही चाकांनी ओढणारा जिवो, आठ गिअर पुढचे आणि चार मागचे.

एवढ्या वर्षांत स्टिअरिंग हलकं झालं, लिफ्ट शहाणी झाली, सीट मऊ झाली. चालवणाऱ्याने खाली उतरून टाचेने जमीन दाबून बघावी, ही अट कुठल्याच पिढीने काढून टाकली नाही.

ज्या कंपनीचा कारखाना आपल्या शहराच्या शेजारी आहे, तिचे ट्रॅक्टर आपल्याला फक्त जाहिरातीतल्या पंजाबच्या गव्हात दिसतात. तिचं छोटं यंत्र राईच्या भातातही चालू शकतं, हे इथल्या शाळकरी मुलांना कुणीतरी दाखवायला हवं.

*

जपानची भातखाचरंही आपल्यासारखीच लहान आणि ओली. त्यांच्यासाठी तिथे छोटे ट्रॅक्टर घडले. कुबोटाने १९६९ साली एल २०० हा असाच एक ट्रॅक्टर अमेरिकेत नेला. तिथे मोठ्या यंत्रांची कमतरता नव्हती; छोट्या जागेत नेमकं काम करणाऱ्या यंत्राची होती. चिखलासाठी शिकलेलं शहाणपण गवताळ अंगणांत उपयोगी पडलं.

पुढे छोट्या ट्रॅक्टरांत हायड्रोस्टॅटिक गिअरपेटी आली. तिथे गिअर नाहीतच. पाय दाबला की वेग वाढतो, उचलला की कमी होतो. तरीही रेंजचा दांडा राहिलाच. पायाने क्षणाचा वेग ठरतो, रेंजने कामाचा.

या पेटीची एक खोड फार विचार करण्याजोगी आहे. यंत्र मातीच्या ढिगाशी अडलं की नवखा माणूस पाय आणखी दाबतो. पाय दाबला की पेटी वरच्या गिअरसारखी वागते, ओढ कमी होते आणि इंजिन गुदमरतं. जाणता माणूस पाय थोडा उचलतो. ओढ वाढते, यंत्र सरकतं.

अडल्यावर पाय उचलायचा, हे शरीराला पटत नाही. शरीराला पटेपर्यंत पुष्कळ इंजिनं बंद पडतात.

*

घोडबंदर रस्त्यावर गायमुखचा घाट आहे. चढणीवर रखडलेले ट्रक सगळ्यांना दिसतात, कारण त्यांच्यामुळे आपण रखडतो. उताराचा धोका मात्र ज्याचा त्याला कळतो, आणि तोही उशिरा.

भरलेल्या ट्रॉलीला बहुधा स्वतःचा ब्रेक नसतो. उतारावर ती ट्रॅक्टरला मागून ढकलते. छोटा ट्रॅक्टर ट्रॉलीपेक्षा हलका असतो, तो आडवा होतो. ब्रेकवर सगळा भरवसा ठेवला तर ब्रेक तापतात. क्लच दाबला किंवा न्यूट्रल केलं तर इंजिनाची पकडही सुटते, आणि मग धावत्या चाकांवर गिअर पुन्हा पडत नाही. म्हणून उतार सुरू होण्याआधी, सपाटीवर, थांबून खालचा गिअर टाकायचा आणि इंजिनाला ते वजन धरू द्यायचं. ज्या गिअरने हा चढ चढलो असतो, त्याहून वरच्या गिअरने तो उतरू नये. दोन्ही ब्रेकची पेडल कडीने जोडलेली हवीत. शेतात वळण्यासाठी ती सुटी ठेवलेली असतात आणि रस्त्यावर येताना जोडायची राहतात.

चढताना चुकलेला गिअर इंजिन बंद पाडतो. उतरताना चुकलेला गिअर माणूस पाडतो. तरी आपण चढाचीच तयारी करतो.

*

लोची एवढी बाजू घेतल्यावर लोचा धोकाही सांगितलाच पाहिजे.

लोच्या पहिल्या गिअरमध्ये मागच्या आसावर प्रचंड पीळ असतो. मागची चाकं चिखलात रुतून घट्ट बसली, आणि कुणी त्यांच्यासमोर फळी किंवा ओंडका बांधून क्लच झटक्यात सोडला, तर तो पीळ चाकाला फिरवू शकत नाही. मग तो ट्रॅक्टरलाच आसाभोवती फिरवतो. पुढची चाकं उचलली जातात आणि यंत्र मागे, चालवणाऱ्याच्या अंगावर उलटतं. डोळ्याचं पातं लवायच्या आत. ओढायची साखळी खालच्या ड्रॉबारऐवजी वर कुठेतरी अडकवली तरी हेच होतं. हायमध्ये याच वेळी इंजिन बहुधा गुदमरून बंद पडलं असतं आणि माणूस वाचला असता.

सावकाशपणात ताकद साठलेली असते. जो सावकाश चालतो त्याला निरुपद्रवी समजणं धोक्याचं.

रुतलेलं यंत्र दुसऱ्या यंत्राने, खालच्या ड्रॉबारला साखळी लावून, हळू ओढून काढावं. तोवर खाली उतरून फावड्याने चाकामागची माती काढावी. शक्य असेल तर मागेच घ्यावं. जिथून आलो ती जमीन तरी माहितीची असते. हे कुठल्याही पावसाळ्यात, कुठल्याही खाचरात, कितीही घाई असली तरी. यात मला कसलीही सूट मान्य नाही.

*

हायची बाजूही घ्यायला हवी.

हलकं काम असेल, पीटीओ लागत नसेल, सुकी सपाट जमीन असेल, तर गिअर वरचा आणि रेस कमी. वेग तेवढाच, पण इंजिन कमी फिरतं, डिझेल वाचतं, आवाज उतरतो. फळी फिरवणं, रिकामी ट्रॉली नेणं, वाळलेलं गवत ओढणं, या कामांना लो टाकून पूर्ण रेस देणं म्हणजे इंजिनाला उगाच ओरडायला लावणं. फक्त इंजिनाच्या आवाजाकडे कान हवा. आवाज जड होऊ लागला की ती काटकसर संपली.

सगळी कामं सारख्याच गंभीरपणे करणारा माणूस कामाला न्याय देत नाही. त्याने कामाकडे नीट बघितलेलंच नसतं.

*

बऱ्याच ट्रॅक्टरांत लोचा शेवटचा गिअर आणि हायचा पहिला गिअर यांचे वेग एकमेकांच्या जवळपास येतात. मग कोणता घ्यावा? वेग सारखा, ओढ सारखी.

इथे या गिअरचे शेजारी बघावेत. रेंज चालताना बदलता येत नाही. पुढे जमीन जड होण्याची शक्यता असेल तर लोचा घ्यावा, म्हणजे उतरायला खाली तीन पायऱ्या आहेत. पुढे सडक येणार असेल तर हायचा घ्यावा, म्हणजे चढायला वर तीन पायऱ्या आहेत. आज दोन्हींत फरक नाही. फरक उद्याच्या वाटेत आहे.

नोकरी, घर, जोडीदार, गाव. सारख्या दिसणाऱ्या दोन जागांतून निवडताना आपण त्या जागाच तेवढ्या न्याहाळतो. तिथून पुढे कुठे कुठे जाता येईल, हे विचारायचं राहून जातं.

*

लो फार हळू वाटतो, हाय फार जोरात जातो, म्हणून काही जण हायमध्ये अर्धा क्लच दाबून चालवतात. हा वेग गिअरपेटीत नसतो. क्लचच्या प्लेटी झिजवून तो तयार होतो. जळका वास येईपर्यंत फुकट वाटतो.

निर्णय टाळूनही काम चालतं, हे खरं. त्याचं बिल प्लेटींच्या नावावर चढत असतं.

*

किनाऱ्यावरची वाळू वेगळी. कोरडी वाळू चाकाखालून पळते, म्हणून हवा थोडी कमी केलेले टायर, चारही चाकं जोडलेली, आणि निघतानाच असा गिअर की मधे थांबावं लागणार नाही. वाळूत थांबणं सोपं, निघणं कठीण. झटक्यात वळू नये, झटक्यात क्लच सोडू नये. घरी आल्यावर गोड्या पाण्याने आस, चाकं आणि पेटीची खालची बाजू धुवावी. समुद्राचं मीठ कुणाचीही रेंज विचारत नाही.

*

शहराचा वेगही रेंजसारखाच उभं राहून ठरवावा लागतो. मेट्रो ९ची कारशेड राई-मुर्धे-मोर्व्यात होणार म्हटल्यावर गावकऱ्यांनी विरोध केला, आणि जागा पुढे डोंगरीकडे गेली. मेट्रो हवीच. रोज लोकलच्या दारात लोंबकळणाऱ्या माणसाला ती नको असं सांगण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण जमिनीचा वापर बदलण्याचा निर्णय एका सहीने होतो. भराव पडलेल्या जागेचं पुन्हा भातखाचर करणारी सही अजून कुणाला सापडलेली नाही.

जो निर्णय मागे घेता येत नाही, तो घेताना यंत्र पूर्ण उभं असावं. राई-मुर्ध्याच्या लोकांनी निदान यंत्र थांबवायला लावलं. त्याचं श्रेय त्यांना मिळायला हवं. डोंगरीत ते थांबवून कुणी किती वेळ जमिनीकडे बघितलं, हाही प्रश्न तितकाच मोठा आहे, कारण तिथे झाडं आहेत.

*

छोटा ट्रॅक्टर सगळ्यांना घेता येत नाही आणि घ्यायची गरजही नसते. तो भाड्याने येतो. भाडं कशावर ठरतं, त्यावर पुष्कळदा गिअर ठरतो.

भाडं गुंठ्यावर असेल तर चालवणाऱ्याला घाई. जितकी खाचरं दिवसात उरकतील तितकी मजुरी, आणि पाऊस डोक्यावर असताना पुढचे चार जण वाट बघत असतात. भाडं तासावर असेल तर मालकाला घाई. तो बांधावर घड्याळ घेऊन उभा राहतो आणि 'दादा, जरा ओढा की' म्हणतो. दोन्ही पद्धतींत कुणीतरी एक गिअर वर ढकलत असतो. दोघेही वाईट नसतात. दोघांच्याही घरी खर्च आहे. जमीन तेवढी या व्यवहाराला बसलेली नसते. तिचं म्हणणं ऑगस्टमध्ये कळतं, जेव्हा ढेकळांवर लावलेलं आवण पिवळं पडतं आणि उंचवट्यांवर पाण्याबाहेर तण माजतं.

म्हणून तिच्या वतीने आधी बोलून घ्यावं. ट्रॅक्टर ठरवायला जाताना दर विचारावाच. त्याबरोबर रोटर किती खोल जाणार, आडवं-उभं किती वेळा होणार, पहिली फेरी लोच्या कितव्या गिअरमध्ये आणि दुसरी कितव्या, चिखलणीआधी खाचरात पाणी किती बोटं हवं, आणि बांधालगतचा जो हातभर पट्टा यंत्राला पोचत नाही तो कुदळीने कोण काढणार, हेही विचारावं. चालवणारा जाणता असेल तर या प्रश्नांनी चिडत नाही. तो उतरतो, खाचरात पाय घालतो आणि मगच दर सांगतो. असा माणूस गुंठ्याला थोडे जास्त मागत असेल तर ते द्यावेत, आणि पुढच्या वर्षीचा दिवस त्याच्याकडे आत्ताच लावून ठेवावा.